केंजळे काकांची रविवारची उजळणी

आमच्या जिन्यात भेटलेला माणूस साधारणपणे "काय, भाजी का?" असं विचारतो. केंजळे काका विचारायचे, "राष्ट्राध्यक्षानं फेटाळलेला कायदा पुन्हा मंजूर कसा होतो, सांगा!" आपल्या हातात दुधाची पिशवी, आणि समोर अमेरिकेची राज्यघटना. "घाईत आहे हो," म्हटलं की ते मान हलवत आणि ठरलेलं वाक्य टाकत, "पाया कच्चा आहे तुमचा."

मला हे जास्तच लागायचं, कारण मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला वीस मार्कांचा विषय. मुलं तो ऑप्शनला टाकायची आणि खरं सांगायचं तर मीही टाकत आलो होतो.

तेव्हा आमच्या धायरीच्या सोसायटीत दर दोन घरांआड एक मुलगा कॉम्प्युटरच्या जोरावर अमेरिकेला गेलेला होता. बाकीचे आईबाप बर्फाचे फोटो दाखवत. काकांनी त्या देशाचा कारभारच तपासायला घेतला. तपासणी हा त्यांचा पेशाच होता. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं तयार दारूगोळ्यावर त्यांनी पास-नापासाचे शिक्के मारले. "केसाएवढा फरक दिसला की नापास. तिथे 'चालतंय हो' चालत नाही," असं ते अभिमानानं सांगत. काकू म्हणायच्या, "माझ्या पोळीकडेसुद्धा तसेच बघतात."

एकदा सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून जुंपली. काका उठले. "कायदा करणारा एक, राबवणारा दुसरा, न्याय देणारा तिसरा. तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. इथे तिन्ही चेअरमनच. पाया कच्चा!"

"काका, आपलं भाषण संपेपर्यंत टँकर परत जाईल," चेअरमन म्हणाले.

मागून काकूंचा आवाज आला, "आमच्या घरात तिन्ही खाती माझ्याकडे आहेत. बसा खाली."

सगळे हसले. काकाही हसले आणि बसले.

या वेडाला कारण होतं. त्यांचा एकुलता एक मिलिंद तिकडे नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणार होता. शंभर प्रश्न आधीच छापून दिलेले असतात, साहेब त्यातले दहा विचारतो, सहा बरोबर आले की पास. मिलिंदनं फोनवर सांगितलं, "बाबा, वाचायला वेळच नाही. लहानपणी पाढे म्हणून घ्यायचात ना, तशी दर रविवारी उजळणी घ्या माझी."

तोवर मिलिंदचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आता दर रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला घंटी वाजू लागली. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसत. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. "सिनेटर किती? शंभर. शाब्बास. राष्ट्राध्यक्षाची मुदत? चार. पुन्हा म्हण." चाल थेट पाढ्यांची. तासभर चालायचं. मला हसू यायचं आणि हेवाही वाटायचा. माझा मुलगा वाघोलीत राहतो, आणि त्याला माझ्याकडून कशाचीच उजळणी करून घ्यायची नसते.

मिलिंद पास झाला. काकांनी चारही मजल्यांवर पेढे वाटले. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मी त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला गेलो, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलेले. मांडीवर ते शंभर प्रश्न.

जिन्यातले प्रश्नही थांबले. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एक दिवस मीच विचारलं, "काका, तो फेटाळलेला कायदा मंजूर कसा होतो म्हणालात?"

"राहू द्या हो, सर." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "सर, जन्मात एकदा नापास माल पास केला मी."

"कारखान्यात?"

"घरात. सिनेटरची मुदत सहा वर्षांची. मिलिंदला मी पाच शिकवली. मुद्दाम."

मला काही समजेना.

"नापास झाला असता तर परत परीक्षा. म्हणजे अजून काही महिने रविवार. पण त्यासाठी निदान पाच उत्तरं चुकीची शिकवायला हवी होती. एक शिकवलं आणि दुसऱ्याला जीभ वळेना. पोरगं विश्वासानं पाठोपाठ म्हणत होतं हो. आणि तो एक प्रश्न तर त्यांनी विचारलाच नाही." ते कठड्याला धरून उभे होते. "आता चारचौघांत पाच म्हणेल. हसतील त्याला. मीच पाया कच्चा केला."

"मग सांगून टाका फोनवर."

"फोन यायला हवा ना."

"तुम्ही करा की."

"तो मीटिंगमध्ये असतो," काका म्हणाले आणि खाली गेले.

पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. फोन वाजला. काका एवढ्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली.

"हो, बरा आहे. हो, घेतो गोळ्या. तू जेवलास का? बरं. बरं, बरं." दोन मिनिटंही झाली नसतील. मग एकदम ते घाईघाईनं म्हणाले, "अरे मिलिंद, ऐक, सिनेटर सहा वर्षं! पाच नाही, सहा. माझं चुकलं होतं. पुन्हा म्हण."

तिकडून फोन ठेवलेला होता. ती टूं-टूं मलाही ऐकू येत होती. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका रिसीव्हर कानाला तसाच धरून उभे होते.

"पुन्हा म्हण," ते हळूच म्हणाले.

मी ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "सहा."