सबनीसांचा दहावा प्रश्न

हिराबाईंनी कागद उलटा धरला होता. गजराचं घड्याळ टिकटिक करत होतं, पोहे गार होत होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेजारी त्यांचा मुलगा संतोष मान खाली घालून पेन्सिल चालवत होता. त्याने हात पुढे करून आईचा कागद सुलटा केला असता, पण सबनीसांनी आधीच बजावलं होतं, "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. वेळ वीस मिनिटं."

मुलगा मुलगी बघायला आला होता. बघायला आपलं नावाला. सबनीसांची शुभा आणि संतोष तुर्भ्याला एकाच कारखान्यात कामाला, दोघांचं आपसात ठरलेलं. वडिलांचा होकार तेवढा बाकी. मी समोरच्या दारची. पोहे माझ्या हातचे, म्हणून मी तिथे.

सबनीस सरकारी कचेरीतून रिटायर होऊन आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये आले, ते कोड्यांची पोतडी घेऊनच. माणूस भेटला की आधी कोडं, मग नमस्कार. "डोकं चालवा, डोकं! गंज चढेल." दूधवाल्याला पातेलं दाखवायच्या आधी तीन अक्षरी शब्द विचारणार. प्रत्येकाच्या बुद्धीला शंभरपैकी मार्क ठरलेले. वॉचमन पंचेचाळीस. सोसायटीचे सेक्रेटरी चाळीस, "पण हे त्यांना कळवू नका." मी अडतीस. मी चौथी शिकले. विचारलं, "हे अडतीस काढले कसे?" तर म्हणाले, "वहिनी, हे शास्त्र आहे." नळाला पाणी नसलं की हेच शास्त्र बादली घेऊन माझ्या दारात उभं राहायचं.

शुभाला सात स्थळं आली. सातही मुलांना हाच प्रकार. दहा प्रश्न, दहापैकी दहा हवेत, नऊ म्हणजे नापास. एकजण तर कॉलेजात गणित शिकवणारा. तोही नऊवर पडला. जाताना त्याच्या आईने बशी अशी आपटली की टवका उडाला. बशी माझी होती.

या खेपेला सबनीसांनी कळस केला. संतोष करावे गावचा, बाप नाही, आई खाडीची मासळी विकते. हे कळल्यावर म्हणाले, "बुद्धी आईकडून येते. आईंनीही पेपर द्यावा."

मला राहवेना. "सबनीस, त्यांना वाचता येत नाही. तोंडी विचारा, नाहीतर कागद मागे घ्या."

"नाय येत," हिराबाई म्हणाल्या. लाजल्या वगैरे नाहीत. "वाचून दावा की. कान हायेत मना."

सबनीसांनी चष्मा सारखा केला. "एक नावाडी आहे. त्याला वाघ, शेळी आणि गवताचा भारा पलीकडे न्यायचाय. होडीत एका वेळी एकच मावतं. वाघाजवळ शेळी सोडली तर वाघ तिला खाईल. शेळीजवळ गवत सोडलं तर शेळी खाईल. कसं नेईल?"

"भरती हाय का ओहोटी?"

"म्हणजे?"

"ओहोटीला होडी चिखलात रुतंल. मग बसंल तो वाघाशी गप्पा मारीत."

"ते प्रश्नात दिलेलं नाही."

"मग प्रश्न कुनी काढला? होडीत बसला होता का कदी? आन वाघ पल्याड न्यायचाच कशाला? पल्याडच्या लोकांनी काय वाकडं केलंय?"

मी हसले. शुभाही हसली. हिराबाई सबनीसांकडे नीट बघत म्हणाल्या, "मी वलखते यांना. मागल्या रविवारी बाजारात बाजूवालीनं शिलं पापलेट दिलं. यांनी कल्ला उचलून पन बघितला नाय. पेपरातल्या चौकटी भरीत उभे."

तेवढ्यात घड्याळ वाजलं. सबनीसांनी संतोषचा कागद तपासला. नऊ बरोबर, दहावा कोरा. "नऊ," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल पडले. मी ते बघितलं. दुसऱ्याला नापास करून एवढं हायसं कशाला वाटावं?

"दहाव्याचं उत्तर काय?" मी विचारलं.

"ते गुप्त असतं, वहिनी."

"अडतीस मार्कवालीला सांगून कुठे फुटणार आहे?"

सबनीस घड्याळाला चावी देऊ लागले. शेवटी शुभाच बोलली. "काकू, दहाव्याला उत्तर नाही. कागद मीच टाइप करते ना. बाबा मनाला येतील ते पाच आकडे लिहितात आणि पुढचा आकडा विचारतात."

"आणि सात वेळा तू गप्प बसलीस?"

"मला ते सातजण नकोच होते."

मी मनात म्हटलं, या घरात डोकं कोणाला आहे ते आज समजलं.

सबनीस हळूच म्हणाले, "हिची आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची. बोलणंच बंद झालं. मी रोज समोर बसून पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचायचो. बाविसाव्या दिवशी हिने एक शब्द सांगितला. तेव्हापासून आडवे शब्द माझे, उभे हिचे. ही गेल्यावर मी उभे कोणाला विचारू?"

"करावे गाव काय लंडन हाय?" हिराबाई म्हणाल्या. "पोर चालत येईल."

सबनीसांनी पेन्सिल घेतली, दहाव्या प्रश्नावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'नऊपैकी नऊ. पास.' पोहे मी परत गरम केले. हिराबाईंनी दोनदा घेतले.

करावे गावात मांडव उभा राहिला. हळदीला बेंजोचा बँड लागला आणि सबनीस नाचले. वाईट नाचले, पण शेवटपर्यंत.

मुलगी गेल्यावर हा माणूस महिनाभरही काढणार नाही, असं बिल्डिंगभर बोलत होते. मीही बोलले होते. त्याला आता दोन वर्षं झाली. शुभा एक दिवसाआड येते. मधल्या दिवशी त्यांच्या पेपरात उभे शब्द कोरे असतात, मी रद्दी नेताना बघते. वरणाची फोडणी अजून करपवतात. सबनीस त्या घरात एकटे राहतात, आणि निभावतात.