सारंगियाला शिव्या

आमचे शेजारी वानखेडेकाका रोज संध्याकाळी एका माणसाला शिव्या घालतात. तो माणूस सारंगी वाजवतो आणि सिनेमात राहतो.

सिनेमा जुना, राजेरजवाड्यांच्या काळातला. काढणारेही त्याला विसरले असतील. एक सारंगिया सरदाराच्या मुलीपायी वेडा होतो, दरबार सोडतो आणि तिच्या खिडकीखाली सारंगी कुरकुरवत बसतो. काकांचा उभा जन्म कोराडीच्या वीजकेंद्रात पाळ्या करण्यात गेला. त्यांना हे सहनच होत नाही. "याले ड्युटी नाही काय गा? काहून बसून राहिला तिथं? बैताड साला." हे सगळं आमच्या सामाईक भिंतीतून, पूर्ण आवाजात.

आवडत नाही तर पाहू नये माणसानं. पण नाही, रोज पाहायचा आणि वर संतापायचं. आमच्या घरात बातम्या ऐकू येत नाहीत की मुलीचा अभ्यास होत नाही. शेवटी एकदा तणतणत त्यांच्या दारात गेलो.

काकांनी मलाच झापलं. "आवाज कमी नाही होणार. बस अन् पाह्य."

पलंगावर काकू होत्या. लकव्यानंतर त्यांचं बोलणं गेलं, हे मला ठाऊक होतं. सारंगिया दिसताच काकांनी तोंड सोडलं. काकूंच्या कपाळावर आठी चढली, ओठ हलले.

"चूप... बसा."

"दिवसभरात एवढंच बोलते," काका माझ्यावर खेकसले. "डॉक्टर म्हणते बोलतं करा. हिचा लाडका पिच्चर. नवीन लग्न झालं तेव्हा मले ओढून नेलं होतं, मी नाइट करून आलो होतो, थेटरात घोरलो. तो राग अजून आहे तिले. अन् तू म्हणतं आवाज कमी करा."

मी गुपचूप परत आलो.

परवा काकाच आमच्या दारात. "आज बोलूनच नाही राहिली. माह्या शिव्यांची सवय झाली तिले. तू चाल."

गेलो. सारंगी चालूच होती. घरात कधी शिवी दिली नाही मी, पण त्या माणसाचा मला आता खरोखर राग आला होता. "अबे हरामखोरा," मी म्हटलं, "नुसता कुरकुरत काय बसला? तोंड उघड की तिच्यासमोर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर थेट काकांवर. "चूप बसा नं तुमी."

लकव्यानंतर एवढं सलग त्या बोलल्याच नव्हत्या.

"पाह्य," काका भडकले, "शिव्या तू देल्या अन् बोलणी मले." खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत त्यांनी सिनेमा मागं नेला आणि मला म्हणाले, "दे अजून एक."