अर्ध्या तोंडाची ट्रायल

आमच्या समोरचे साळवेकाका मध्यंतरी चांगला महिना-दीड महिना अर्धंच तोंड इलेक्ट्रिक ब्रशनं घासत होते. उजवी बाजू विजेवर आणि डावी बाजू साध्या ब्रशवर! रोज सकाळी अंगणातल्या नळापाशी दोन ब्रश घेऊन उभे राहायचे. आधी घुर्रर्र आवाज यायचा, मग तो बंद व्हायचा आणि खसाखसा सुरू व्हायचं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "काका, चार्जिंग संपलं का मध्येच?"

"न्हाई वो म्याडम," काका तोंडातला फेस सांभाळत म्हणाले, "उजवीकडं ट्रायल हाये, डावीकडं कंट्रोल. कंट्रोल नसंल तं निकालाला काय किंमत ऱ्हाती?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं मला धड हसताही येईना आणि चूक आहे असंही म्हणता येईना.

काकांची सगळी नोकरी इथं बदनापुरात, शेतकी संशोधनाच्या फार्मवर गेली. तुरीचे, मुगाचे नवे वाण आले की दोऱ्या-खुंट्या लावून जमिनीचे सारखे प्लॉट पाडायचे. एकात नवा वाण, शेजारी तुलनेला जुना, म्हणजे कंट्रोल, आणि कोण कसा वाढतो ते बघत बसायचं. नोकरीतून काका सुटले, पण ट्रायलमधून काही सुटले नाहीत. घरात नवी चहापत्ती आली की दोन पातेल्यांत दोन चहा. गच्ची गळायला लागली तर अर्ध्या गच्चीला एक रंग आणि अर्ध्या गच्चीला दुसरा. एकदा तर धावड्याला भाचीच्या लग्नाला जाताना त्यांनी मिशीच्या एका बाजूला मेंदी लावली आणि एका बाजूला काळा कलप. अख्ख्या लग्नात पाव्हण्यांना कळेना, की या माणसाशी बोलताना बघायचं कुणीकडं!

"मंग? निकाल बराबर लागला ना," काका अजूनही सांगतात. "मेंदीवाली बाजू लग्न लागायच्या आधीच उतरली!"

बरं, गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात आणखी एक खूळ शिरलं होतं. माणूस चांगला उजव्या हाताचा. पण चहा डाव्या हातानं, भाकरी डाव्या हातानं, कुलूप डाव्या हातानं. शर्टाची बटणं लावायला बसले की आमचा दूधवाला येऊन जायचा. चहा तर निम्मा शर्टावरच. विचारलं की एकच उत्तर, "ट्रायल चालू हाये." ट्रायल म्हटली की आमच्या गल्लीत पुढं कुणी काही विचारत नाही. आम्ही त्या डाव्या हाताचाही नाद सोडला होता.

आता सुमनकाकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण हा सगळा ब्रशचा खटाटोप त्यांच्यासाठी होता. काकू म्हणजे आमच्या गल्लीचा आवाज! विहारात वंदना सुरू झाली की पहिला सूर काकूंचा, आणि त्यांचं हसणं तर पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं. गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणंही बरंचसं सावरलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. डाव्या हाताला कशाची सवय नाही. ब्रश कुठल्या कुठं जायचा, हिरडीला टोचायचा, मागच्या दाढांपर्यंत पोचायचाच नाही. हिरड्या सुजल्या आणि थुंकीतून रक्त यायला लागलं. काकांनी दात घासून देतो म्हटलं, तर काकू अशा काही भडकल्या, की मी माझ्या ओट्यापाशी ऐकलं.

"मी काय तान्ही हाये का? माझ्या तोंडात कुनी हात घालायचा न्हाई!"

त्यानंतर काकू तोंडावर पदर धरून बोलायला लागल्या. हसणं बंद झालं. विहारात जाणंही बंद झालं. तोंडाला वास येत असंल, म्हणायच्या, बायकांच्या मधी कशी बसू? मला फार वाईट वाटायचं. संध्याकाळी गल्ली कशी मुकी मुकी वाटायची.

एक दिवस काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी विनोद नव्हता त्यांच्या तोंडी.

"म्याडम, कालच जालन्याला गेल्तो हिला घेऊन. दाताच्या डॉक्टरीन बाई म्हन्ल्या, हिरड्या आत्ताच वाचवल्या पाह्यजेत, न्हाईतं दात हलाया लागतील. आन् हिनं सवताच्या हातानं घासलं पाह्यजे. दोन्ही पाह्यजे मला. एक झालं आन् एक न्हाई, असं बिलकुल चालनार न्हाई."

डॉक्टरीण बाईंनीच इलेक्ट्रिक ब्रश सुचवला होता. हात फार हलवावा लागत नाही, ब्रश दातावर नुसता टेकवायचा, बाकी काम तो करतो. झालं! काकांच्या अंगात एकदम वीस वर्षांपूर्वीचा फार्म संचारला.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन स्वारी रफिकभाईच्या दुकानात. रफिकभाईकडं मोबाइल, मिक्सर, पंखे, सगळं असतं. काकांनी त्याच्या काचेच्या काउंटरवर असतील नसतील तेवढे ब्रश मांडायला लावले आणि स्वतःचा उजवा हात खिशात घातला.

"हात में कुछ हुआ क्या, चचा?" रफिकभाई घाबरला.

"काई न्हाई. तू दाखव जल्दी."

मग डाव्या अंगठ्यानं एकेकाचं बटण दाबून पाहणं सुरू झालं. हे कडक. हे निसरडं. ह्याचे केस राठ, हिरडी सोलून काढतील. ह्याला दाबलं तर काय होतं? जास्त दाबलं की लाल दिवा लागतो म्हणतोस? वा! ह्याचं डोकं झिजल्यावर नुसतं डोकं जालन्यात मिळंल का? का सगळा ब्रशच फेकायचा? दोन गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली.

"चचा, बिरश ले रै क्या ट्रॅक्टर ले रै?" रफिकभाईनं कपाळाला हात लावला.

"ट्रॅक्टर घेताना इतका इचार कशाला पाह्यजे?" काका शांतपणे म्हणाले. "तो काय तोंडात घालायचा हाये?"

अखेर एक ठरला. मऊ केसांचा, गोल डोक्याचा, लाल दिव्याचा. घरी आल्यावर काकांनी त्यावर पेस्ट लावली, ब्रश माझ्यासमोर ऐटीत धरला आणि तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं! माझ्या चष्म्यावर, भिंतीवर, कॅलेंडरवर, सगळीकडं पांढरे ठिपके. आतून काकूंचा आवाज आला, "अवो, घराला चुना दिवून राह्यले का?" कितीतरी दिवसांनी काकू काहीतरी चेष्टेचं बोलल्या होत्या. मी चष्मा पुसायचाच विसरले.

पण काकूंच्या हातात ब्रश लगेच द्यायचा नव्हता. "आधी ट्रायल. माझं तोंड गेलं तं गेलं," काकांनी जाहीर केलं. असं सुरू झालं ते अर्ध्या तोंडाचं प्रकरण. तिसऱ्या दिवशी तर ते धावतच आमच्या दारात आले, ओठाला फेस तसाच.

"म्याडम! म्याडम! हा ब्रश मधी मधी थांबतो!"

"बिघडला असेल."

"बिघडला न्हाई वो! थोडा वेळ फिरतो, जरासाक थांबतो, मंग पुन्हा फिरतो. मी आत्ता कागद वाचला. उजवं वरचं झालं की इशारा, मंग खालचं, मंग डावं वरचं, मंग डावं खालचं. कंपनीनं तोंडाचे चार प्लॉट पाडलेत! सारखे चार प्लॉट!"

त्यांचे डोळे असे चमकत होते, की कंपनीच्या माणसानं फार्मवर यांच्या हाताखालीच काम केलं असावं असं वाटलं. मलाही त्यांचा उत्साह लागला, खोटं कशाला बोलू. दर रविवारी टॉर्च घेऊन काकांच्या हिरड्या तपासायचं काम माझ्याकडं आलं आणि मीही ते मन लावून केलं. आमचे हे म्हणायचे, शेजाऱ्याच्या तोंडात एवढं डोकावणारी बाई मी जगात पाहिली नाही.

आणि काय सांगू, फरक दिसला! उजवीकडच्या हिरड्या गुलाबी, घट्ट. डावीकडं तशाच लालसर. काका ही बातमी घेऊन जालन्याला डॉक्टरीण बाईंकडं गेले, तेव्हा मी बरोबर होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काका, डाव्या बाजूनं तुमचं काय घोडं मारलं होतं? तो ब्रश तिकडंही फिरवायचा ना!"

"मंग कंट्रोल कुठून आणायचा?"

"आणि साध्या ब्रशनं तुम्ही भांडी घासल्यासारखं घासता, त्यानं ती बाजू लाल आहे. हळू घासलं तर साधा ब्रशही चालतो. पण काकूंच्या हाताला हाच बरा. जोर लावायचा नाही, हिरडीच्या कडेला तिरपा टेकवायचा, बस."

निकाल लागला. वाण पास! काकांनी येताना पेढे घेतले. दातांच्या दवाखान्यातून पेढे घेऊन घरी येणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या डाव्या हातात तो ब्रश दिला. मी मुद्दाम गेले होते. काकूंनी तोंडात घातला, बटण दाबलं, ब्रश थरारला, आणि त्यांच्या बोटांतून निसटून धाडकन बेसिनमध्ये पडला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी हिरडीला लागला. काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि बेसिनला टेकून उभ्या राहिल्या.

"माझ्याच्यानं न्हाई व्हत. सोडा आता. जाऊ द्या दात जातेत तं."

काकांनी ब्रश उचलून पुसला, आणि अंगणात जाऊन बसले. इतका बडबड्या माणूस, पण त्या सकाळी त्यांच्याकडं बघवत नव्हतं. काकांनी डाव्या हातानं दुकान पालथं घातलं, पण त्यांचा तो हात धडधाकट होता. आजारानं थकलेली, सवय नसलेली काकूंची बोटं त्या बारीक दांडीवर घट्ट मिटतच नव्हती. एवढ्या मोठ्या ट्रायलमध्ये नेमकं तेच राहून गेलं होतं.

मी शाळेतून परत आले तर काका अंगणात सायकलची जुनी ट्यूब कापत बसलेले. ट्यूबची पट्टी ओढून ओढून ते ब्रशच्या दांडीला गुंडाळत होते, बटण तेवढं उघडं ठेवून. चांगली जाड मूठ झाली होती.

"अशी मूठ कुठंतरी पाहिलीय मी," मी म्हटलं.

"खुरप्याची," काका मान वर न करता म्हणाले. "सुमन फार्मवर निंदायला यायची, तव्हाची गोष्ट. बाकीच्या बायांच्या हाताला फोड, हिच्या हाताला न्हाई. खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळायची ही. जाड मूठ हातातून सुटत न्हाई. मी प्लॉट मोजता मोजता हिचं खुरपंच पाहत बसायचो. मला आधी आठवाया पाह्यजे होतं."

संध्याकाळी काकूंच्या हातात तो ब्रश ठेवला. त्यांनी मुठीकडं पाहिलं, बोटं मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"खुरप्यावानी?"

"खुरप्यावानीच धर. पन दाबू नको, गवत न्हाई काढायचं."

घुर्रर्र सुरू झालं. एक प्लॉट झाला. जरासाक थांबला. काका दारातून ओरडले, "आता खालचा!" दुसरा झाला. तिसरा. चौथ्याला मी टाळ्या वाजवायला लागले आणि काकू फेसभरल्या तोंडानं हसल्या. पदर खांद्यावरच होता.

पुढं रोज सकाळी काकूंचा ब्रश घुर्रर्र व्हायचा. हळूहळू रक्त थांबलं. डॉक्टरीण बाईंनी हिरड्या पाहून शाबासकी दिली, ती काकांनी निम्मी स्वतःकडं ठेवून घेतली. आणि पौर्णिमेला काकू विहारात आल्या. बायकांच्या मध्ये, पहिल्या ओळीत. सूर जरा थरथरला, पण पहिला सूर काकूंचाच होता! माझे डोळे भरून आले.

वंदना झाल्यावर खीर वाटली. मी काका-काकूंच्या शेजारीच बसले होते. काकू डाव्या हातानं खीर खात होत्या, थोडी हनुवटीवर, थोडी साडीवर. काकाही डाव्या हातानंच, आणि काकांच्या शर्टावर काकूंच्या साडीपेक्षा जास्त.

काकू पाणी आणायला उठल्या तेव्हा मी म्हटलं, "काका, ब्रशची ट्रायल तर संपली की. निकाल लागला. आता तरी उजव्या हातानं खा."

काकांनी वाटीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ही ट्रायल न्हाई, म्याडम. दवाखान्यातून आल्ती ना, तव्हा ती एकटीच सांडायची. माझ्याकडं पाहायची आन् जेवन अर्धंच टाकून उठायची. मंग म्या बी सांडाया लागलो. तव्हापून पोटभर जेवती."

काकू पाणी घेऊन आल्या. काकांच्या शर्टाकडं बघून मोठ्यानं हसल्या, तोंड उघडं टाकून, पूर्वीसारखं.

"अवो, किती सांडता! तुमच्यापेक्षा मी बरी."

"हाये ना," काका म्हणाले आणि पुन्हा डाव्या हातानं चमचा उचलला.