तळलेला मासा आणि न ठरलेला मतदार

लोकशाहीत मत प्रत्येकाला असतं. ते कोणत्या टेबलाशी बसून सांगायचं, एवढंच वाहिन्यांना ठरवावं लागतं. आमच्या राज्यात राज्याच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही मतांनी निवडले जातात. माझ्या तरुणपणी या निवडणुकीची बातमी पेपरात गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारी स्पर्धेच्या निकालाखाली यायची, तीही जागा उरली तर. आता तिला स्वतःचं संगीत आहे, दोन पक्षांच्या रंगांचा लाल-निळा नकाशा आहे. प्रगती म्हणतात ती हीच.

या वेळी प्रश्न गर्भपातबंदीच्या कायद्याचा होता. कायदा माझ्या पणजीच्याही आधीचा. तो ठेवायचा की काढायचा, हे न्यायालयातल्या एका रिकाम्या खुर्चीवर अडलेलं. म्हणून मतदानाआधीच्या शुक्रवारी मिलवॉकीची एक वाहिनी आमच्या क्लबात, दर शुक्रवारच्या तळलेल्या माशाच्या जेवणाच्या रांगेत दाखल झाली. त्यांना तीन माणसं हवी होती: बाजूने एक, विरोधात एक आणि अजून न ठरलेला एक. (हा तिसरा नग दुर्मिळ. आमच्याकडे तो आर्विड आहे. त्याने टपालाने मत कधीच देऊन टाकलंय, पण न ठरलेल्याला वाहिन्या जेवू घालतात. यंदाची ही त्याची चौथी वाहिनी.) रांगेतल्या अकरा जणांची मतचाचणीही घेतली गेली. (त्यांतले दोघे शेजारच्या राज्यातले, मिशिगनचे.)

"काका, मन कुठे झुकतंय?" वार्ताहर ब्रिनने विचारलं.

"अवघड आहे गं पोरी," आर्विड म्हणाला. "जरा ते लिंबू सरकव."

मग तिने माझ्या नातीला गाठलं. इन्ग्रिड तिथेच वाढायचं काम करते.

"तुम्ही तरुण महिला मतदार. हा मुद्दा कुणाच्या फायद्याचा?"

"ते नाही माहीत," इन्ग्रिड म्हणाली. "गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात माझी पाणमोट फुटली. बाळ वाचणार नाही, असं डॉक्टरच म्हणाले. पण हात लावायचा की नाही, ते दवाखान्याच्या वकिलाला विचारून. वकील म्हणाला, ताप चढू द्या, जिवावर बेतल्याशिवाय कायद्यात बसत नाही. शेवटी आजीने गाडी काढली, आम्ही शेजारच्या राज्यात, इलिनॉयला गेलो, तिथे बंदी नाही. आता पुन्हा दिवस गेलेत. या वेळी काही झालं तर मी कुठे जायचं, तेवढंच मला कळायला हवंय."

ब्रिन मायाळू होती; तिचे डोळे भरून आले. "फार छान. हेच जरा टक्केवारीत सांगता येईल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बातमी बघायला क्लबात जमलो. आर्विड भरपूर दिसला, लिंबासकट. इन्ग्रिड त्याच्या मागून कोबीची कोशिंबीर नेताना दिसली. खाली अक्षरं होती, 'महिलांचा कौल कुणाला?' मग चार तज्ज्ञांनी लढत अटीतटीची असल्याचं एकमताने सांगितलं. बातमी अगदी संतुलित होती: एक बाजू, दुसरी बाजू आणि मधे मासा.

"आजी, बरी दिसले ना मी?"

"पाठमोरी तर उत्तम," मी म्हटलं.

ही हकीकत मी चर्चमध्ये सांगते, फोनवर सांगते, केस कापून घेताना सांगते. सगळे मन लावून ऐकतात आणि शेवटी एकच विचारतात. तुमच्याही ओठांवर तेच आलंय, दिसतंय मला: मग जिंकलं कोण?

सांगते ना. इन्ग्रिड कशी आहे, असं विचारणारं एक माणूस भेटू दे आधी.