गुलाबकाकांचे रोडगे

आमच्या गल्लीतल्या मारोतीला नवस बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्याशी घासाघीस करणारे एकटे गुलाबकाका. चिखलीच्या बाजार समितीत जन्मभर धान्य मोजणारे मापारी होते. त्यामुळे देव असो नाहीतर व्यापारी, सौदा ठरल्याशिवाय काम नाही. नळ यावा म्हणून गुळाचा खडा, डॉक्टरांनी सुई टोचू नये म्हणून नारळ, आणि फारच मोठं काम असेल तर गल्लीला रोडग्यांचं जेवण. "पह्यले काम, मंग नारळ," असं ते मारोतीला भर चौकात, मोठ्या आवाजात बजावतात.

एकदा दोन्ही गुडघे दुखायला लागले. काकांनी एक नारळ कबूल केला. महिनाभरात उजवा गुडघा थांबला, डावा तसाच. काका अर्धा नारळ घेऊन देवळात हजर. "एकाच गुडघ्याचं काम झालं, बाबा. बाकीचा नारळ दुसरा गुडघा थांबल्यावर." पुजाऱ्याने कपाळाला हात लावला.

काका भिंतीपलीकडे एकटेच राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा विजय नोकरीनिमित्त हैदराबादकडे असतो. काकांचा वेळ गल्लीतल्या लेकरांवर आणि गल्लीतल्या सुनांना सल्ले देण्यावर जातो. त्या सल्ल्यांचं पहिलं गिऱ्हाईक मी, कारण मी अंगणात धुणं वाळत घालते आणि पळून जाऊ शकत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वैष्णवीची खो-खोच्या संघात निवड झाली. शाळेचा नव्हे, गावोगावच्या स्पर्धांना जाणारा संघ. दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार खामगाव, मेहकर, जालना, कधी अकोला. पोरींनी जीपमधून जायचं, तिथल्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं. संघाचे सर घरी येऊन म्हणाले, "पोरीचे पाय हलके आहेत, ताई. पाठवा." यांनी लगेच होकार दिला. बापाचं काय जातं होकार द्यायला! मी अभ्यास, ऊन, बाहेरचं जेवण अशी कारणं सरांपुढे मांडली. पोरगी अकरा वर्षांची. घरात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काका तर हट्टालाच पेटले. "सूनबाई, काऊन पाठवता? आपल्या गावात मैदान नाही का?"

"काका, इथे तिच्या बरोबरीने पळणारी पोरगी उरली नाही."

"मंग तिले म्हना, जरा हळू पळ!"

शेवटी आमच्यात ठरलं की एकदा खामगावला जाऊन येऊ द्यायचं, मग बघू. शनिवारी सकाळी जीप गेली. रविवारी रात्री परतायची होती, ती शनिवारी संध्याकाळीच दारात. पहिल्याच सामन्यात हरल्या होत्या. वैष्णवी खाटेवर पालथी पडून रडत होती आणि मी आई असूनही मला, देवाशपथ, थोडं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी अंगणात गोवऱ्या रचल्या. रोडग्यांचे, म्हणजे कणकेचे, जाड गोळे आरात भाजले, तुपात बुडवले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. सगळी गल्ली, सगळा संघ आणि स्वतः सर पंगतीला. हरलेल्या पोरींचं मन राखायला म्हाताऱ्याने एवढं केलं म्हणून सरांचे डोळे पाणावले. वैष्णवीने दोन रोडगे खाल्ले आणि पहिल्यांदा हसली.

पंगत उठली तरी काका विझत्या आराशी बसून होते. जेवले नव्हते. मी ताट घेऊन गेले.

"काका, नवस कशाचा होता?"

"पोरगी घरी आली ना."

"हरली म्हणून आली."

"हाव," काका म्हणाले. "तेच मांगतलं होतं."

मला असा संताप आजवर क्वचितच आला असेल. पोरीने ज्याच्यासाठी डोळे सुजवून घेतले, तोच नवस आम्ही तूप लावून खाल्ला होता! तोंडावर आलेले शब्द मी कसेबसे गिळले, कारण काका आराकडे बघूनच बोलायला लागले होते.

"आमचा इजय कबड्डी खेळे. तालुक्याले जितला, मंग जिल्ह्याले, मंग नागपूर. जितलं की अजून दूरचं गाव. हारलेलं लेकरू घरी येते, सूनबाई. जितलेलं समोर जाते. खेळावरच नोकरी लागली, तिकडलाच झाला. वाईट नाही तो. फोन करते. पन फोनात मानूस किती मावते?"

"तुम्ही जात होता का त्याचे सामने बघायला?"

"मार्केट असे ना. म्या घरी वाट पाहो."

सरांपुढे मी कारणं मांडली होती खरी, पण माझं कारण काकांनी सांगितलं. मला ऊन आणि अभ्यास यांची भीती नव्हतीच. पोरगी जिंकेल याची होती. हे कळल्यावर मला माझी लाज वाटली आणि काकांची फार दया आली. वैष्णवीला त्या रोडग्यांचं अजून सांगितलेलं नाही. त्या रात्री तिला एवढंच म्हटलं, "जा. पण आम्ही बघायला येणार."

पुढची स्पर्धा मेहकरला होती आणि या वेळी मीही जीपमध्ये होते. जीप सुटताना काका नेहमीसारखे ओट्यावर. वैष्णवीने खिडकीतून त्यांना हाक मारली, "आबा, चला ना तुमी बी!"

"माह्यं काय काम तिथी?"

"टाळ्या वाजवा की!"

काका घरच्या चपलांतच जीपमध्ये चढले आणि पोरींच्या मधोमध दाटीवाटीने बसले. गाव मागे पडल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला. काका फोन कानाला लावत नाहीत, स्पीकर चालू करून तोंडासमोर धरतात आणि ओरडतात, त्यामुळे सगळी जीप ऐकत होती.

"इजय, म्या मॅच पाह्याले जाऊन राह्यलो!"

 "कोनाची, बाबा?" विजयने पलीकडून विचारलं.

काकांनी वैष्णवीकडे पाहिलं. "गल्लीतल्या पोरीची," ते हळू आवाजात म्हणाले.



"समोर बसजा, बाबा," विजय म्हणाला. "खेळता खेळता लेकरू पाह्यते, आपलं कोनी आलं का म्हणून."

काकांनी फोन खिशात ठेवला. मेहकर येताच ते खाली उतरले. मैदानावर खुर्च्या मांडायच्या होत्या. काकांनी एक उचलली आणि आखलेल्या रेषेला इतकी लागून ठेवली, की पंचांना येऊन ती मागे घ्यायला लावावी लागली.