सदतिसाव्या पानावरचं कालवण

आमच्या कॉलेजच्या गेटसमोर परबकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. अख्ख्या डोंबिवलीत तोंडी परीक्षा मनापासून घेणारा हा एकच माणूस उरला आहे. मार्चमध्ये टीवायची, म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट बाइंडिंगला आणतात. काळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. त्याला सगळे ब्लॅक बुक म्हणतात. इतर दुकानांत विचारतात, "किती कॉप्या?" परबकाका कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि विचारतात, "हायपोथिसिस काय तुझी?"

"काका, फक्त बाइंड करायचंय."

"करणार ना. मी आपला बाइंडिंगवाला. पण आपण काय चिकटवतोय ते माणसाला कळायला नको?"

'मी आपला बाइंडिंगवाला' हे वाक्य आलं की समोरच्याने सावध व्हावं. त्यानंतर जे येतं ते नम्र नसतं. काकांचं इंग्रजी बारावीपर्यंतचं. शेजारी शब्दकोश ठेवून, ओळीखाली बोट फिरवत ते प्रत्येक ब्लॅक बुक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. गिऱ्हाइकांची रांग गेली खड्ड्यात.

एकदा एका एकोणीस वर्षांच्या मुलाने आभाराचं पान कुठूनतरी जसंच्या तसं उचललं. त्यात 'माझ्या सासूबाईंनी घर सांभाळलं म्हणून हे काम पूर्ण झालं' असं होतं. काकांनी दहा पोरांसमोर त्याला विचारलं, "लग्न कधी उरकलंस रे? पेढे नाही दिलेस." निकाल लागेपर्यंत अख्खं कॉलेज त्या मुलाला जावईबापू म्हणत होतं.

मी या कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतो. शिकलोही इथेच. दर वर्षी साठ-पासष्ट मुलांचा मी गाइड असतो, म्हणजे मी सबमिशनची तारीख सांगतो आणि मुलं ती चुकवतात. मग एका दुपारी 'हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले आहे' अशा पासष्ट सह्या मी चहा गार व्हायच्या आत करतो. आमच्या स्टाफरूममधला हा वेगाचा विक्रम नाही. एक मॅडम फोनवर बोलता बोलता करतात.

दोन वर्षांपूर्वी परबकाका एक उघडं ब्लॅक बुक घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. एरवी ते मला अरे-तुरे करतात, पण चारचौघांत सर म्हणतात.

"सर, मी आपला बाइंडिंगवाला. पण कोलंबीच्या कालवणात चिंच कोण घालतं?"

मला वाटलं, काकांना ऊन लागलं. त्यांनी सदतिसावं पान माझ्यासमोर धरलं. ऑनलाइन खरेदीबद्दलच्या दोन तक्त्यांमध्ये सुबक इंग्रजीत कोलंबीच्या कालवणाची अख्खी कृती होती. तन्मय नावाच्या माझ्या विद्यार्थ्याने कॅंटीनमध्ये पैज लावली होती, की गाइड एकही पान उघडत नाहीत. पहिल्या पानावर माझी आणि विभागप्रमुखांची सही होती. तन्मय पैज जिंकला होता.

"नापास करतो त्याला," मी म्हणालो.

"कशाला? छत्तीस पानं नेटवरून उचललीयत, त्यावर तुम्ही सही केलीत. हे एकच पान पोराने स्वतः लिहिलंय." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त चिंचेच्या जागी कोकमाची सोलं घालायला सांगा."

स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं. मला भयंकर राग आला. तन्मयचा नाही, काकांचा. झेरॉक्सवाल्याने झेरॉक्स काढावी. महिनाभर मी पलीकडच्या फुटपाथवरून ये-जा केली.

राग मात्र गेला नाही, म्हणून यंदा मीटिंगमध्ये ब्लॅक बुक बंद करून पीडीएफ घ्यायचा ठराव मी मांडला. कारण पर्यावरण असं दिलं. सगळ्यांनी बाकं वाजवली. खरं कारण एवढंच, की पीडीएफ परबकाकांच्या काउंटरवरून जात नाही.

बातमी सांगायला मीच गेलो. धंदा बुडाला म्हणून ते रडतील, मी सांत्वन करीन, असा माझा बेत होता.

"धंद्याचं सोड," काका म्हणाले. "आधार कार्डं आहेत, लग्नपत्रिका आहेत. पण मग वाचणार कोण?"

"सॉफ्टवेअर आहे काका. चोरी बरोबर पकडतं."

"चोरी पकडतं. वाचतं का?"

मी लेक्चरचं निमित्त सांगून निघालो.

मग कॉलेजने स्टोअररूम साफ करायला काढली. मागल्या साऱ्या वर्षांची ब्लॅक बुकं रद्दीत जाणार होती. काकांनी ती मागून घेतली आणि टेम्पोत घालून मोहने गावातल्या आपल्या घरी नेली. त्या खोक्यांत चुकून आमचं एक हजेरीपुस्तक गेलं, म्हणून रविवारी सकाळी मी मोहन्याला पोचलो.

चाळीतली एक खोली. काकू जाऊन चार वर्षं झाली हे मला माहीत होतं, पण त्यांचं घर आज पहिल्यांदा बघत होतो. डबल बेडच्या एका बाजूला उशी होती. दुसऱ्या बाजूला ब्लॅक बुकं रचलेली, वर्षांप्रमाणे.

"तिकडे ओल येत नाही," काका घाईने म्हणाले.

हजेरीपुस्तक शोधताना एक ब्लॅक बुक उघडलं गेलं. आत चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली, शंभरपैकी गुण घालून. दुसरं उघडलं, त्यातही. सगळ्यांत.

"हे काय हो?"

"बाइंडिंगच्या वेळी वाचून लिहून ठेवायचो, आता ज्याची त्याच्यात घातली. मी एफवायला, पहिल्या वर्षाला असताना एक ट्युटोरियल लिहिलेलं," काका म्हणाले. "आठ पानं. सरांनी वरच्या वर टिक मारली. मी आत बरंच काही लिहिलेलं रे." पुढे नोकरी लागली आणि कॉलेज सुटलं, एवढंच म्हणाले.

मी माझं वर्ष शोधलं. भाजीवाल्यांवरचा माझा प्रोजेक्ट. व्हायवाच्या सरांनी तो न उघडता ब्याऐंशी दिले होते आणि मी ते आजवर मिरवत होतो. आतली चिठ्ठी अशी होती: 'एक्केचाळीस. पहिली दोन प्रकरणं उचललेली. शेवटची चार पानं स्वतःची, भाजीवाल्यांशी खरंच बोललाय. उन्हातून आलेला, पाणी दिलं. घाबरट आहे. शिकवायला लागला तर मन लावून शिकवेल.'

त्या चार पानांसाठी मी आठवडाभर मंडईत हिंडलो होतो, आणि ती वाचणारा जगात एक माणूस होता.

"यंदाचे कसे आहेत रे?" काकांनी विचारलं.

चौसष्ट पीडीएफ माझ्या मेलमध्ये न उघडता पडल्या होत्या.

"बरे आहेत."

"सगळे वाचलेस?"

"हो."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. सासूबाई पकडणाऱ्या माणसाला एवढी थाप कळली नसेल असं मला वाटत नाही.

"मग झालं," ते म्हणाले. "तू वाचतोस, तर मी सुटलो. मला त्या स्क्रीनवर दिसत नाही."

त्या दिवसापासून मी रोज दोन वाचतो. बहुतेक उचललेलेच आहेत आणि वाचताना जीव जातो. काल एकतिसाव्या प्रोजेक्टमध्ये मात्र एक पान सापडलं. एका मुलीने आपल्या आईच्या पोळीभाजी केंद्राबद्दल लिहिलं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण प्रत्येक ओळ तिची. तेवढ्या एका पानाची प्रिंट घेऊन मी गेटसमोरच्या दुकानात गेलो.

काकांनी ते उभ्याउभ्या वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. मग पुन्हा वाचलं. एका पानाचं बाइंडिंग होत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी त्यांनी मागे वळून काळा पुठ्ठा काढला.