पाव्हण्यांचं ऊन

युसुफमिस्त्री चहा आला की आधी त्यात थर्मामीटर बुडवत. खिशातून लांब काचेची नळी काढायची, रुमालानं पुसायची, कपात उभी धरायची आणि पारा थांबेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. पारा साठाच्या वर गेला तर कप बाजूला ठेवायचा. पन्नासाच्या खाली राहिला तर चहा परत हॉटेलात. हॉटेलवाला कुरकुरला की मिस्त्री शांतपणे विचारत, "जीभ म्हंजी काय मीटर हाय व्हय?"

भोरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि त्याला लागून माझा टायपिंगचा क्लास. मार्गासनीपासून शिवऱ्यापर्यंतच्या विहिरींवरचे जळालेले पंप त्यांच्याकडे यायचे. साठी उलटलेली, बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. राहायला दुकानामागचीच खोली. बोलणं कमी, आणि तेही मोजमापाचं. एकदा क्लासच्या दारात उभं राहून त्यांनी पंख्याकडं बराच वेळ पाहिलं आणि "बाई, तुमचा पंखा दमलाय," एवढंच सांगून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो खरंच बंद पडला.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मिस्त्री शिवऱ्याजवळच्या एका बंगल्यावर पंप बसवायला गेले आणि येताना लुनाच्या पुढ्यात खोकं घेऊन आले. खोक्यात हिरवा सरडा होता. शेपटीसकट हातभर लांब, गळ्याखाली लोंबती झालर. इग्वाना म्हणतात त्याला, हे मला नंतर कळलं. बंगल्याचे मालक परदेशी गेले होते आणि राखणदारानं, "न्या, चाचा, माज्याच्यानं न्हाई हे व्हत," म्हणून तो हवाली केला होता. बंगल्यावर त्याला ठेवलं होतं काचेच्या पेटीत, अंगाला लागेल असा शंभर वॅटचा बल्ब आत सोडून. सरड्याच्या पाठीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग होता आणि पुढचे पाय सारखे थरथरत होते.

"सरडा पाळणार तुमी?" मी विचारलं.

"सरडा न्हवं, बाई. पाव्हणं हायेत. बरं झालं की बगू."

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर शेळ्या-म्हशींचे. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी भाजल्यावर मलम दिलं, सरड्याचा जबडा बोटानं हलकेच चाचपला आणि म्हणाले, "मिस्त्री, जबडा रबरासारखा लागतोय. हाडं मऊ पडलीत. याला ऊन मिळालेलं नाही."

"बल्ब तर दिवसभर जळत हुता म्हनं."

"बल्बचा उजेड वेगळा, उन्हातला किरण वेगळा. तो कसा द्यायचा ते मलाही शोधावं लागेल. तोवर कॅल्शियमची पूड द्या."

आयुष्यभर वीज हाताळलेल्या माणसाला उजेडात दोन जाती असतात हे कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं. मिस्त्री तडक माझ्याकडे आले. माझ्या क्लासात नुकतंच इंटरनेट आलं होतं. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची आणि ते पंपाच्या बिलामागे लिहून घ्यायचे. किरणाचं नाव यूव्हीबी. तो नसला तर खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागत नाही. साध्या बल्बात तो नसतो, खिडकीच्या काचेतून आत येत नाही. ऊब निराळी द्यायची, किरण निराळा.

"म्हंजी उनाचं बी दोन फेज हायेत," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

पेटी त्यांनी स्वतः बांधली. लाकडी चौकट, समोर जाळी, आत पेरूची आडवी फांदी. ऊब देणारा बल्ब एका टोकाला, आणि तोही जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे पाठ टेकायची सोय नाही. दुसरं टोक गार. पाव्हण्यांनी स्वतःच ठरवायचं कुठं बसायचं ते. कोंबड्यांच्या शेडमधला एक जुना थर्मोस्टॅट त्यांनी दुरुस्त करून जोडला. फांदीवर पस्तीस, गार कोपऱ्यात सत्तावीस, एवढं जमेपर्यंत तीन दिवस पेटी रिकामीच चालवली. दर तासाला जाऊन पारा बघत. पंपवाले शेतकरी खोळंबले तर त्यांना सांगत, "थांबा. खोली तयार व्हती."

खरी पंचाईत ट्यूबची झाली. त्यासाठी मिस्त्री तीनदा पुण्याला गेले. पहिल्या दुकानदारानं लग्नाच्या हॉलमधली जांभळी ट्यूब पुढं केली. दुसऱ्यानं पाणी शुद्ध करायची ट्यूब काढली आणि म्हणाला, "अल्ट्राव्हायोलेटच आहे, काका. डोळे झाकून न्या." मिस्त्रींनी डोळे झाकले नाहीत. खिशातलं बिल काढलं. मी त्यावर किरणाची लांबी नॅनोमीटरमध्ये लिहून दिली होती, दोनशे ऐंशी ते तीनशे वीस. ट्यूबच्या पुठ्ठ्यावर दोनशे चोपन्न.

"ही कशाला असती?" त्यांनी विचारलं.

"जंतू मारायला."

"माजं पाव्हणं जंतू न्हाईत," म्हणून ते उठले. ती ट्यूब लावली असती तर सरड्याचे डोळे गेले असते.

तिसऱ्या खेपेला पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात त्यांना हवी ती ट्यूब मिळण्याची आशा दिसली. दुकानदारानं ती मुंबईहून मागवली आणि वर सरड्यानं बसून ऊब घ्यायचा, विजेवर तापणारा दगडही दाखवला. मिस्त्रींनी त्याला हात लावून बघितला आणि परत ठेवला. ज्या पाठीला चटका बसला ती बरी होत होती, आता पोटाला नको.

ट्यूब यायला दीड महिना लागला. तोवर मिस्त्री रोज सकाळी गच्चीवर जाळीचा पिंजरा घेऊन बसत, अर्धा उन्हात, अर्धा पोत्याच्या सावलीत. पण मग आभाळ भरून आलं आणि आठवडाभर ऊन पडलंच नाही. सरड्यानं खाणं सोडलं. जास्वंदीचं पान तोंडाशी नेलं तरी मान वळवायचा. दुकानात एक मोटर दोन दिवस उघडी पडून होती, आणि हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"जगंल का ओ, बाई?" ते म्हणाले.

पार्सल आलं त्या दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं. ट्यूब पेटीच्या आत, फांदीपासून वीतभर वर, मध्ये काच नाही. भारनियमनाचा काळ, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर त्यांनी आधीच करून ठेवला होता. सकाळी लावायची, संध्याकाळी बंद. रात्री पूर्ण अंधार, "झोप त्यांलाबी लागती."

पाचव्या दिवशी सरड्यानं पान खाल्लं. तीन आठवड्यांनी पायांची थरथर थांबली. आणि एका बाजारच्या दिवशी, दुकान माणसांनी भरलेलं असताना, तो खालून निघाला, एकेक नख रोवत फांदीवर चढला, वरच्या टोकाला जाऊन बसला आणि गळ्याची झालर ताठ करून सगळ्यांकडे बघू लागला. पंपाची भांडणं थांबली. मिस्त्री हातातली तार तशीच धरून उभे. डॉक्टर मुद्दाम आले, जबडा चाचपला आणि म्हणाले, "चांगला टणक झाला. मिस्त्री, माझ्या हातून हे झालं नसतं."

त्यानंतर महिनाभर भोरमध्ये जो भेटेल त्याला मिस्त्री पेटी दाखवत होते. शिवऱ्याचा राखणदारसुद्धा येऊन गेला. त्यानं पाव्हण्यांना ओळखलंच नाही.

मग एके दुपारी ते क्लासात आले. अंगात इस्त्रीचा सदरा. म्हणाले, "एक कागद टाइप करायचाय, बाई. दोन प्रती." मी मशीनवर बसले, ते सांगत गेले. फांदीवर पस्तीस. गार कोपरा सत्तावीस. ट्यूब वर्षानं बदलावी, जळत असली तरी, कारण उजेड राहतो आणि किरण आटतो. पाणी रोज. पान धुऊन.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"पाव्हणं वीस वर्सं जगत्यात, तुमीच वाचलं हुतं. मी काय तेवढा न्हाई."

मी पुढं टाइप करत राहिले. मग आलं शेवटचं कलम. "लिवा. दुपारी जेवताना जवळ बसावं. बोलावं थोडं. एकटं जेवण जात न्हाई."

"सरड्याला?"

"लिवा, बाई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

खाली त्यांनी एक ओळ मोकळी सोडायला सांगितली होती. 'माझ्यानंतर सांभाळणार', आणि पुढं टिंबं. मी तिथं माझं नाव टाइप केलं, एक प्रत माझ्या खणात ठेवली आणि दुसरा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या दुपारी डबा तिकडंच घिऊन या."